दुसऱ्याच्या राहण्यासाठी घेतलेलं घर

"हप्ता भाड्यातूनच सुटतो, मॅडम." पुण्यात पुनावळे असो, वारजे असो की कर्वेनगर, भाड्यानं द्यायला म्हणून घर बघायला गेलं की एजंटाच्या तोंडी हे वाक्य ठरलेलं. राहत्या घराचं कर्ज फिटलंय, खासगी नोकरीमुळे पुढे पेन्शन नाही, हातात थोडी शिल्लक आहे, अशा चाळिशीतल्या माणसाला त्याचा फार आधार वाटतो. मी वही काढली आणि एकेक आकडा मांडायला बसले.

आम्ही शेवटी जे घर घेतलं त्याचाच हिशेब सांगते. कर्वेनगरातला जुना वन बीएचके, रिसेलचा, दुसऱ्या मजल्यावर. किंमत ५२ लाख. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर त्यात १ टक्का सवलत मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. २०२१मध्ये ही सवलत आली तेव्हा असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, २०२३मध्ये ती काढली. नवराच म्हणाला, "तुझ्या एकटीच्या नावावर घेऊ, बावन्न हजार वाचतील." तर ६ टक्क्यांनी ३ लाख १२ हजार. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार, ती पूर्ण लागली. एजंटचा एक टक्का. रंग, नळ, वायरिंग, न्हाणीघराची फरशी यांत पावणेदोन लाखांच्या वर गेले. वकील, बँकेची फी धरून सगळं मिळून ५८ लाख.

भाडं आलं महिना १७ हजार. वर्षाचे २ लाख ४ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स २६ हजार, घरपट्टी १२ हजार, किरकोळ दुरुस्तीला १२ हजार, आणि वर्षात एक महिना घर रिकामं राहील असं धरून १७ हजार बाजूला. हातात राहतात साधारण १ लाख ३७ हजार. ५८ लाखांवर हे अडीच टक्केसुद्धा होत नाहीत.

आता हप्ता. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं दिलेली आहे, त्यामुळे बँक ४१ लाखांहून जास्त द्यायला तयार होती. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता ३६ हजार. मी ३० लाखच घेतले, तरी हप्ता २६ हजारांचा. म्हणजे भाड्यातले खर्च वजा जाता दरमहा साडेचौदा हजार माझ्या पगारातून जाणार. हे दरही स्थिर नसतात. रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना उसने पैसे देते तो रेपो दर एप्रिल २०२२मध्ये ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३पर्यंत साडेसहावर गेला, आणि त्या दहा महिन्यांत कित्येकांच्या कर्जाची मुदत वर्षानुवर्षं लांबली.

ज्याला ही तूट दर महिन्याला, नोकरी बदलली तरी, आजारपण निघालं तरी भरणं जमणार नसेल, त्यानं या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुदत ठेवीवर आज भाड्याच्या या अडीच टक्क्यांपेक्षा जास्त व्याज मिळतं, तेही डोक्याला ताप न होता. मी घर घेतलं ते एका कारणासाठी: भाडं वर्षागणिक वाढत जातं, कर्ज फिटत जातं, आणि साठीनंतर दर महिन्याला येणारी एक रक्कम तयार होते. पंधरा-वीस वर्षं थांबायची तयारी असेल तरच हा विचार टिकतो. दोन वर्षांत विकून नफा काढायचा म्हटलं तर मुद्रांक आणि दलालीच सगळं खाऊन टाकते.

प्राप्तिकराचं थोडक्यात सांगते, कारण एजंट हेही सोईस्करपणे सांगतात. वर्षाच्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग कर्जाचं व्याज. मेंटेनन्स वेगळा दाखवता येत नाही. पहिल्या वर्षी माझं व्याजच अडीच लाखांच्या आसपास, त्यामुळे कागदावर तोटा दिसतो. जुन्या कररचनेत असा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो, नव्या रचनेत येत नाही. आपण कुठल्या रचनेत आहोत ते पाहूनच "टॅक्स वाचतो" हे वाक्य ऐकावं.

वहीतला हा सगळा हिशेब मी बाबांना दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "अगं, आकडे ठीक आहेत. पण त्यात राहणार कोण, ते आधी ठरव."

बाबा असं म्हणाले यामागे त्यांचं अर्धं आयुष्य आहे. आम्ही सदाशिव पेठेत वाड्यातल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मालक वरच्या मजल्यावर, आम्ही त्यांना आजोबाच म्हणायचो. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली होती, आणि पुण्यातल्या वाड्यांनाही तो लागू होता. युद्धानंतरच्या टंचाईत माणसं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून केलेला कायदा पुढे पन्नास वर्षं राहिला. आमचं भाडं इतकं कमी होतं की आजोबांना त्यातून एका पावसाळ्याची कौलंही शाकारता येत नव्हती. पावसाळ्यात प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या छतावर प्लास्टिक घालायचं. आईची एक बादली आणि दोन पातेली जून ते सप्टेंबर गळतीखाली असायची. मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती आणि आम्हाला जागा सोडणं परवडत नव्हतं. आजोबा वाईट नव्हते, आम्हीही नव्हतो. १९९९चा नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला, त्यानं जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करायची मुभा दिली. तोवर वाड्याची मागची भिंत पडलेली होती.

त्या काळाची भीती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही. "भाडेकरू शिरला की निघत नाही" हे मी आजही ऐकते, आणि त्या भीतीपोटी लोक कुलूप लावलेली घरं बाळगून असतात. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांहून जास्त घरं रिकामी आढळली. त्यांतली सगळी काही भीतीनं बंद नसतील, पण ज्या शहरात कामाला आलेली मुलं एका खोलीत चौघं-चौघं झोपतात, तिथं हा आकडा मला फार बोचतो.

बाबांच्या प्रश्नानं आमचं घर बघणंच बदललं. पुनावळ्याचा बांधकाम चालू असलेला टॉवर आम्हाला आवडला होता. बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेरा या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, मंजूर नकाशे, ताब्याची तारीख सगळं तपासलं होतं. २०१६चा रेरा कायदा आल्यापासून नव्या घरांत खरेदीदाराला बरंच संरक्षण आहे: नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि क्षेत्रफळ कार्पेटनंच, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेनंच, सांगावं लागतं. पण राहणार कोण, या प्रश्नावर ते घर अडलं. तिथला भाडेकरू बहुतेक हिंजवडीच्या आयटी पार्कवर अवलंबून. २०२०मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा त्या पट्ट्यातली घरं रिकामी होताना आम्ही पाहिली होती. शिवाय नव्या टॉवरचा ताबा मिळतो तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी जणांची तशीच घरं एकदमच भाड्याच्या बाजारात येतात, आणि मग जो कमी सांगेल त्याचं घर जातं.

कर्वेनगरात कॉलेजं आहेत, जवळपास दवाखाने आहेत, कर्वे रस्त्याला बस आहे, वाणी-भाजी-खानावळ पायी अंतरावर. विद्यार्थी, नर्स, नवीन लग्न झालेलं जोडपं, एकटे राहणारे आजी-आजोबा, यांतल्या कुणालाही ते चालेल. घर देखणं नाही. तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, जिन्यात पानाचे जुने डाग.

ते घर बघायला मी मुद्दाम जुलैत, जोराचा पाऊस चालू असताना गेले. बेडरूमच्या खिडकीखाली भिंतीला हात लावला तर गार आणि किंचित ओलसर लागली. ऑइल पेंटला बारीक फोड आले होते, नखानं दाबला की आतून पांढरी भुकटी यायची. छज्जाला उतार नव्हता, पाणी चौकटीच्या कोपऱ्यातून आत यायचं. विकणारे काका निवृत्त शिक्षक, मुलाकडे नाशिकला निघालेले. त्यांनी काही लपवलं नाही. "दर दोन वर्षांनी रंग देतो, पण मूळ दुखणं छज्जाचं आहे," म्हणाले. मग स्वयंपाकघरात गेले. ओट्याजवळ उभं राहून पाहिलं: दोन माणसं एका वेळी वावरू शकतात का, फ्रिजचं दार पूर्ण उघडतं का, कपडे पावसाळ्यात वाळत घालायला कुठे जागा आहे, वॉशिंग मशिनचं पाणी कुठं जाईल. न्हाणीघराच्या मोरीला वास होता, ट्रॅप बदलला की जाईल असं प्लंबर म्हणाला, आणि तसं झालंही. दुसऱ्यांदा सकाळी सहाला गेले, कारण महापालिकेचं पाणी तेव्हा येतं. नळाखाली बादली लावून पाहिलं. शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "कोण हो?" त्यांच्याशी दहा मिनिटं बोलून जे कळलं ते कुठल्याही कागदात नव्हतं: मे महिन्यात टँकर मागवावा लागत नाही, खालच्या मजल्यावरचा मुलगा रात्री उशिरा गाडी काढतो, सेक्रेटरी कडक आहेत पण हिशेब चोख ठेवतात.

या सगळ्या गोष्टी तिथं राहणाऱ्याला रोज भोगाव्या लागतात. मालकाला त्या दिसत नाहीत, आणि म्हणूनच बहुतेक मालक घर घेताना किंमत, मजला आणि "पुढे किती वाढेल" एवढंच बघतात. मी जे बघितलं त्यामुळे घर पहिल्याच आठवड्यात लागलं. छज्जाला उतार देऊन वॉटरप्रूफिंग केलं तेव्हा कंत्राटदार म्हणत होता, "भाड्याचंच घर आहे ना, रंग मारून टाकू." मी त्याला रंगाआधी छज्जाच करायला लावला.

कागदपत्रांचं काम वकिलावर सोपवलं, तरी प्रत्येक कागद मी स्वतः वाचला आणि प्रत्येकीनं वाचावा. बिल्डरपासून काकांपर्यंतच्या खरेद्यांची साखळी, प्रत्येक व्यवहाराचा इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, मालकी आणि बोजे तपासणारा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, आणि भोगवटा पत्र, म्हणजे इमारतीत राहायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला, ज्याला पुण्यात सगळे कंप्लिशन म्हणतात. भोगवटा पत्र नसलेली घरं बाजारात स्वस्त मिळतात. ती मी बघितलीही नाहीत. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली तर खरेदीदारानंच १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावावरचा प्राप्तिकर, आधीच कापून भरायचा असतो. काकांना द्यायच्या रकमेतून ५२ हजार कापून २६क्यूबी अर्ज भरला आणि त्याचं प्रमाणपत्र त्यांना दिलं.

घरपट्टीचं मात्र इथं लिहायलाच हवं, कारण हिशेबात ती हमखास चुकीची धरली जाते. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत देते. १९७०पासूनची ही सवलत मधे काढली गेली आणि २०२३मध्ये परत आली. ती मिळवायला पीटी-३ अर्ज भरून आपण स्वतः राहतो हे दाखवावं लागतं. काकांच्या पावतीवरचा आकडा सवलतीचा होता. भाड्यानं दिलेल्या घराला ती लागू नाही.

घर तयार झाल्यावर दोन मुली आल्या. दोघी नर्स, एक लातूरकडची, एक चिपळूणची. सेक्रेटरी काकांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, बॅचलर मुली नकोत. येणं-जाणं वाढतं. फॅमिली बघा ना तुम्ही."

"काका, दोघी रात्रपाळी करतात. सकाळी घरी येऊन झोपायला त्यांना शांत जागा हवीये. करार नोंदवलेला असेल, पोलिसांकडे माहिती दिलेली असेल, त्याच्या प्रती तुम्हाला देते. काही तक्रार आली तर मला फोन करा, मी त्याच दिवशी येऊन बोलेन."

ते लगेच हो म्हणाले नाहीत. चार दिवसांनी म्हणाले, "ठीक आहे, बघू." आज त्यांची शुगर त्याच मुली तपासतात. पण तसं झालं नसतं तरी त्या मुलींचा त्या घरात राहायचा हक्क तेवढाच असता. लग्न झालेलं नाही, आडनाव वेगळं आहे, मटण शिजवतात, एवढ्यावरून शहरात माणसांना दारातून परत पाठवतात, आणि हे करणारे आपल्यासारखेच सुशिक्षित लोक असतात. या मुलींशिवाय कुठला दवाखाना रात्रीचा चालणार आहे?

घर भाड्यानं दिलं म्हणून सोसायट्या मालकाला जो बिनवापर आकार लावतात, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. १ ऑगस्ट २००१चा सरकारी आदेश आहे तसा. आमची सोसायटी तेवढाच घेते. तुमची जास्त मागत असेल तर हा आदेश दाखवा.

करार अकरा महिन्यांचा, लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरल्या मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा. अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नं तो लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक केलंय, आणि ती जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. खर्च किती? ११ महिन्यांचं भाडं आणि अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक. आमचा जेमतेम पाचशे रुपये झाला. नोंदणी फी शहरात हजार रुपये. एजंटचा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला, आधारवरून ओळख पटली, फोटो काढले, संपलं. त्याच कायद्याच्या कलम २४प्रमाणे मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते आणि मालकाला थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. पुण्यातल्या माझ्या मावश्या-काका ज्या भीतीनं घरं बंद ठेवतात, तिच्यावरचा उपाय इतका स्वस्त आणि इतका जवळ आहे.

त्या करारात मी दुरुस्तीचं कलम स्पष्ट लिहून घेतलं. गळती, वायरिंग, नळ-मोरी मालकाकडे. बल्ब, गॅसची नळी राहणाऱ्यांकडे. मोडलं तर अठ्ठेचाळीस तासांत माणूस पाठवायचा, हे माझ्यावर बंधन. सदाशिव पेठेतल्या त्या पातेल्यांची आठवण मला आहे, म्हणून हे कलम मी सुचवलं. एजंट म्हणाला, असं कुणी लिहून देत नाही.

कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी एजंटचा फोन आला. "मॅडम, बाजार वीसला गेलाय. यांना सोडा, नवीन बघू." त्यावर मी परत आकडे मांडले. २० हजार केले तर वर्षाला ३६ हजार जास्त. त्यासाठी या मुली गेल्या, घर एक महिना रिकामं राहिलं तर १७ हजार गेले. एजंटची एक महिन्याची दलाली २० हजार. नवा रंग वेगळा. पहिल्या वर्षी हातात काही उरत नाही, आणि नवीन माणूस कसा निघेल ते माहीत नाही. मुलींशी बसून बोलले. पाच टक्के वाढ ठरली, ८५० रुपये. त्यांनी सगळ्या खिडक्यांना मच्छरजाळ्या मागितल्या, त्या लावून दिल्या. दिवसा झोपणाऱ्या माणसाला खिडकी उघडी ठेवता आली पाहिजे.

सध्या माझ्या डोक्यात एकच काम आहे. या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं नाही, म्हणजे इमारतीखालची जमीन कागदावर अजून मूळ मालकाच्या नावावर आहे. पुण्यात अशा सोसायट्या असंख्य आहेत. घर घेताना हे मला माहीत होतं, आणि किमतीत ते धरूनच बोलणी केली होती. मोफा या सदनिका खरेदीदारांसाठीच्या जुन्या कायद्यात २००८मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे बिल्डर येत नसला तरी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज करता येतो. उद्या पुनर्विकासाची वेळ आली तर या कागदावाचून सगळं अडेल. भाड्यानं घर देणारे सभासद सभांना येत नाहीत अशी सेक्रेटरी काकांची तक्रार असते, आणि ती रास्त आहे. सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. अर्जाचा मसुदा आणि लागणाऱ्या कागदांची यादी घेऊन मी जाणार आहे, आणि ठराव मीच मांडणार आहे.